शब्दखेळांच्या तासाला पोरं काय काय बोलतात!

खडूफळा

मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरी-चौथीचा वर्ग. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशीचा शेवटचा तास आमच्याकडे शब्दखेळांचा. भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, कानगोष्टी, म्हणी पूर्ण करा, पोरं मागतील ते. या तासाला जे कानावर पडतं ते घरी जाऊन सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत, तुमच्याकडचंही ऐकायचंय, म्हणून धागा काढला.

सुरुवात गेल्या शनिवारपासून. नाव-गाव-फळ-फूल चालू होतं, अक्षर आलं 'ग'. नियम नेहमीचेच : आपलं उत्तर दुसऱ्या कुणाचं नसेल तर दहा गुण, सारखं आलं तर पाच-पाच. 'ग'चं फळ म्हटलं की पोरांची पेन्सिल अडते. बहुतेकांनी रकाना कोरा सोडला. एका पोरीनं लिहिलं, गंगाफळ. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. वर्गात एकच गलका. "सर, ती भाजी आहे!" "काटा सर, काटा!" पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नावातच फळ आहे ना! सीताफळ चालतं, रामफळ चालतं, मग गंगाफळानं काय घोडं मारलं?" मागच्या बाकावरून आवाज आला, "मग जायफळ पण फळ का?" दुसरा म्हणाला, "आणि श्रीफळ?"

मी विचारलं, भोपळ्याच्या वेलाला आधी काय येतं? फूल. फुलाच्या मागे काय धरतं? भोपळा. आत काय असतं? बिया. मग झाडाच्या हिशेबात ते फळच. दहा गुण. जायफळवाला आणि श्रीफळवाला दोघं लगेच आपापल्या वहीत काहीतरी टिपून घेऊ लागले. पुढच्या 'ज' आणि 'श'ची बेगमी!

त्याच तासाला 'फ' आला. गावाच्या रकान्यात झाडून सगळ्यांनी फैजपूर लिहिलं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते फैजपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सगळे पाचवर. फळ फणस. फूल? एकाने लिहिलं 'फ्लॉवर'. पोरं हसून हसून बाकावर आडवी. तो शांतपणे म्हणाला, "सर, इंग्रजीत फ्लॉवर म्हणजे फूल. आणि आपण जी फ्लॉवरची भाजी खातो ते पण फूलच." आता यात खोडायचं काय? फ्लॉवरचा गड्डा म्हणजे न उमललेला फुलोराच असतो. दोन्ही बाजूंनी बरोबर.

माझा या तासापुरता एक शिरस्ता आहे. उत्तर खोडायच्या आधी "कसं काय?" विचारायचं. पोराला कारण सांगता आलं की गुण. या एका प्रश्नामुळे जे ऐकायला मिळतं ना, ते कुठल्याही पुस्तकात नाही.

समूहदर्शक शब्दांच्या खेळात तर धमाल उडते. "केळ्यांचा...?" मला हवा होता घड. एकमुखाने उत्तर आलं, "ट्रक!" रावेर-यावलच्या पट्ट्यात पोरं रोज जे बघतात तेच सांगणार. "पोलिसांचा...?" "बंदोबस्त!" "शिक्षकांची...?" क्षणभर शांतता, आणि मग पहिल्या बाकावरून, "मीटिंग!"

येऊ द्या तुमच्याकडचं.

घाटावरची

सर, मीटिंगला हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! उद्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात पाचवीला आहे. आमच्याकडे म्हणींचा खेळ फार रंगतो. अर्धी म्हण मी म्हणायची, उरलेली वर्गाने. "नाचता येईना..." म्हटलं की दरवर्षी कुणीतरी "डीजे वाकडा" म्हणतंच. "थेंबे थेंबे..." म्हटल्यावर एक जण म्हणाला, "बादली भरे." त्याच्या घराचं पत्र्याचं छत पावसाळ्यात गळतं, तो रोज बादली लावतो. तळं कुठून आठवणार त्याला?

पण खरी गंमत "गाढवाला गुळाची चव काय"ची. वर्गाने म्हण बरोबर पूर्ण केली. एकटा पोरगा मात्र मान हलवत बसलेला. "काय रे?" म्हटलं तर म्हणाला, "बाई, ही म्हण चुकीची हाय." त्याच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. मी म्हटलं, सांग बरं. मग तो अख्ख्या वर्गाला सांगत सुटला. रस काहिलीत कसा उकळतात, चुलवाणात चिपाडं कशी सारतात, गुळव्या पाक झाला की नाही ते कसं बघतो, ढेपा कशा काढतात. "आणि बाई, कुंभाराचं गाढव रोज येतंय की! काकवी सांडली की जमीन चाटून जातंय. चव नसती कळत तर आलं असतं व्हय? हाकललं तरी जाईत न्हाई."

वर्ग दोन गटांत फुटला. एक गट म्हणाला, म्हण मोठ्या माणसांनी केलीय, बरोबरच असणार. दुसरा म्हणाला, ज्यानं म्हण केली त्यानं गाढवाला गूळ घालून बघितला होता का? तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच. मी फळ्यावर म्हण तशीच ठेवली आणि खाली लिहिलं : "आमच्या वर्गाचे मत वेगळे आहे."

बालवाडी_ते_चौथी

घाटावरची, 'आमच्या वर्गाचे मत वेगळे आहे' हे फारच आवडलं.

माझं छोटंसं. वचन बदला खेळत होतो. मी चेंडू टाकायचा आणि एकवचन म्हणायचं, झेलणाऱ्याने अनेकवचन. वाटी – वाट्या, पाटी – पाट्या, ताई – ताया. पुढचा चेंडू टाकला, "आई!" पोराने चेंडू झेलला आणि घट्ट धरून ठेवला. "आई एकच असते." मी म्हटलं, सगळ्यांच्या आई मिळून? तर म्हणे, "सगळ्यांच्या आई म्हणायचं." शेजारची म्हणाली, "आया!" हा भडकला. "आया तर बालवाडीत असते, डबा उघडून देते ती. माझी आई आया नाहीये!"

आणि लिंग बदला तर विचारूच नका. घोडी – घोडा, कोंबडी – कोंबडा, मुंगी – मुंगळा सुरळीत झालं. "माशी?" "मासा!" सगळा वर्ग एका सुरात. एकालाही शंका नाही. "पाल?" "सरडा!" का रे? "पाल घरात असते, सरडा बाहेर कामाला जातो."

रविवारचीशाळा

नमस्कार. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची पोरं इथेच जन्मलेली. घरी आईवडील मराठीत बोलतात, पोरं इंग्रजीत उत्तर देतात, आणि आजी-आजोबा आले की गाडी रुळावर येते.

घड्याळाचा बिंगो खेळत होतो. मी वेळ पुकारायची, ज्याच्या कार्डावर ते घड्याळ असेल त्याने खूण करायची. साडेतीन, साडेचार, साडेसहा छान चाललं. मग पुकारणारा बदलला, एक आठ वर्षांचा मुलगा आला. त्याने खणखणीत आवाजात पुकारलं, "साडेएक!" आणि सगळ्या वर्गाने निमूटपणे दीड वाजलेल्या घड्याळावर खूण केली. एकही जण अडखळला नाही. नंतर आलं "साडेदोन". तेही सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, आपण याला दीड आणि अडीच म्हणतो. त्यावर एक मुलगी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, "पण टीचर, तीनपासून पुढे सगळे साडे आहेत. या दोघांनी काय केलं?"

तिच्या आजोबांना हा किस्सा इतका आवडला की पुढच्या रविवारी ते स्वतः वर्गावर आले आणि पोरांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, म्हणून दाखवली. पोरांना ती गाणीच वाटली. आता 'दीड' आला की सगळे टाळी वाजवतात.

तिसरीचापालक

मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात. २०२०च्या कायद्यानंतर मराठी सगळ्याच शाळांत सक्तीचं झालं, त्यामुळे तिलाही आहे. आम्ही घरी आकड्यांचा खेळ खेळतो. मी एकोणतीस म्हणायचं, तिने लिहायचं.

तिला 'एकोण'ची गंमत कळली तेव्हा ती सोफ्यावर उड्या मारत होती. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. सगळं पटापट यायला लागलं. एकोणऐंशी, एकोणनव्वद. मग मी लिहिलं ९९ आणि विचारलं, हे काय? बाईसाहेब ऐटीत म्हणाल्या, "एकोणशंभर!"

सांगा, नव्व्याण्णव कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच नियम मोडलाय. आता आमच्या घरात एकोणशंभरच चालतं. किराणा दुकानदाराला तिने "एकोणशंभर रुपये झाले ना?" विचारलं, तर त्यालाही पटकन कळलं आणि त्याने एक रुपया परत दिला.

खडूफळा

एकोणशंभर! मी सोमवारी वर्गात हाच प्रश्न टाकणार आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं का? बाजूने-विरुद्ध मोठी माणसं तावातावाने बोलली. पोरांना विचारलं असतं तर त्यांनी एकोणशंभरसारखी भरच घातली असती. संख्यानामांच्या जोडाक्षरांत पोरं ठेचकाळतात हे खरंच आहे. त्रेसष्ट आणि छत्तीस यांच्या उलटसुलट लिखाणाने माझ्या वह्या भरलेल्या आहेत.

@रविवारचीशाळा, आजोबांना माझा नमस्कार सांगा.

पाटीपुस्तक

धागा छान आहे, किस्से वाचून हसलो. पण एक काळजी मनापासून मांडतो, राग नसावा.

मी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतो. तिथे चार पर्याय असतात आणि एक गोल काळा करायचा असतो. तिथे "कसं काय?" विचारायला कुणी बसलेलं नाही. केळ्यांचा ट्रक आणि माशीचा मासा वर्गात गोड वाटतो, पण ज्या पोरांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलली जात नाही, त्यांना ती मिळण्याची जागा शाळाच आहे. त्यांच्या उत्तराला आपण दहा गुण दिले आणि तिथेच थांबलो तर नुकसान त्यांचंच. शहरातली पोरं क्लासला जाऊन घड, जुडगा, थप्पी पाठ करून येतात. आपली पोरं ट्रकवर राहिली तर कसं चालेल?

पळसवन

पाटीपुस्तक सर, तुमची काळजी रास्त आहे. पण दुसरी बाजूही सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यात आहे. आमच्या शाळेवर पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन एक सर आले. स्वभावाने फार चांगले. त्यांनी नाव-गाव-भाजी खेळायला घेतलं, अक्षर 'स'. निम्म्या वर्गाने लिहिलं 'सांबार'. सरांनी सगळ्यांचं खोडलं. "सांबार इडलीबरोबर असतं, ती भाजी नव्हे." वर्ग अवाक. एक पोरगी उठली, "काऊन काटलं सर? सांबार तं हिरवा रायते!" सरांना वाटलं पोरं चेष्टा करताहेत. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशी आतून कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. "हा घ्या सर, सांबार." विदर्भात कोथिंबीर म्हणजे सांबार. सर इतके हसले की खुर्चीवर बसावं लागलं. सगळ्यांचे गुण परत दिले आणि स्वतःच्या वहीत शब्द लिहून घेतला. त्या दिवसापासून पोरं त्यांना रोज एक नवा शब्द शिकवायची.

आता समजा त्या दिवशी मावशी आल्या नसत्या तर? रोज घरी खाल्ला जाणारा शब्द वर्गात चुकीचा ठरला असता आणि पुढच्या वेळी त्या पोरीने तोंडच उघडलं नसतं.

आमच्याकडची आणखी एक. कानगोष्टी खेळताना मी पहिल्या पोराच्या कानात सांगितलं, "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." शेवटच्या पोराने उभं राहून जाहीर केलं, "काळे काका राळेगावला मिसळ खायला गेले." राळेगाव आमच्या जिल्ह्यातला तालुका, त्यामुळे कुणाला यात काही वावगंही वाटलं नाही. काळे काका कोण, एवढंच विचारत होते. राळे हे धान्य आहे, ते एकालाही माहीत नव्हतं. २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं तेव्हा शाळेत तक्ता लावला होता, त्यावर राळ्याचं चित्र होतं, ते काढून दाखवलं.

धान्यावरून कोरडवाहू शब्द निघाला. म्हटलं, विरुद्धार्थी सांगा. मला हवं होतं बागायती. उत्तर आलं, "बोरवेल."

मांडवीकाठ

पळसवन, बोरवेलला सलाम.

मी गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत आहे. आमच्या बहुतेक मुलांची घरची भाषा कोकणी. बाहेरून येणारे पाहुणे शिक्षक नेहमी म्हणतात, या मुलांना मराठी शब्द कमी पडतात. एकदा असेच एक पाहुणे आले आणि त्यांनी समानार्थी शब्दांचा खेळ घेतला. पाणी म्हणजे? त्यांना वाटलं मुलं जल म्हणतील आणि अडतील. पहिलीच मुलगी म्हणाली, "उदक." पाहुणे चकित. "अरे वा! हा तर पुस्तकी शब्द, कुठे वाचलास?" ती गोंधळली. "वाचला नाही, सर. आई म्हणते ना रोज, उदक हाड म्हणून." हाड म्हणजे आण. तर पाहुण्यांनी दुसराच अर्थ घेतला आणि म्हणाले, "पाण्याला हाड कसं असेल?" मग सगळा वर्ग जो सुटलाय हसत!

घरचे शब्द हे असे असतात. एका शाळेत चुकीचे, दुसऱ्या शाळेत पुस्तकी.

खडूफळा

@पाटीपुस्तक, तुमचा मुद्दा मनाला लागला, म्हणून आमच्याकडे काय करतो ते सांगतो. फळ्याचे दोन भाग. डावीकडे 'घरचा शब्द', उजवीकडे 'पुस्तकातला शब्द'. गुण दोन्हींना. पण खेळ संपला की दोन्ही रकाने वहीत उतरवून घ्यायचे. ट्रकच्या समोर घड येतो, घडाच्या खाली फणी येते, कारण पोरांनीच सांगितलं की घडाला फण्या असतात. मला परीक्षेसाठी एक शब्द हवा होता, वहीत गेले तीन. माशी-मासाच्या जोडीला मात्र "कसं काय" विचारल्यावर त्यांचं त्यांनाच कळतं. मासा पाण्यात, माशी हवेत, यांचं लग्न कसं लागणार?

पाटीपुस्तक

दोन रकाने हे पटलं. वहीत उतरवून घेता ना, मग माझी तक्रार नाही. पण तेवढं न चुकता करा, खेळाच्या भरात तेच राहून जातं. आमच्या क्लासला सोमवारपासून लावतो.

नवशिकी_बाई

मी यंदाच रुजू झाले. सगळे किस्से वाचून काढले, फार उपयोग होतोय. एक विचारायचं होतं. इंग्रजीत तो फाशीचा खेळ असतो ना, रिकाम्या जागांत अक्षरं ओळखायची, तो मराठीत कसा घ्यायचा? काना-मात्रांचं काय करायचं? शिवाय फाशी नको वाटते लहान मुलांत.

खडूफळा

आम्ही फाशीऐवजी फूल काढतो. सहा पाकळ्यांचं. चुकलं की एक पाकळी पुसायची. शब्दात जितकी अक्षरं तितक्या रेघा. पोराने 'क' विचारला आणि शब्दात 'की' असेल तर फक्त 'क' लिहायचा आणि डोक्यावर एक टिंब द्यायचं, म्हणजे इथे अजून काही आहे. मग वेलांटी, मात्रा वेगळी विचारायची. जोडाक्षराच्या रेघेला चौकट करायची. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, नंतर पोरंच तुम्हाला शिकवतात.

दुसरा प्रकार चिठ्ठ्यांचा. जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरांच्या चिठ्ठ्या करायच्या, काना-मात्रा-वेलांट्यांच्या वेगळ्या. पोरांनी शब्द जुळवायचे. यात एक प्रसंग असा घडला की मी अजून त्याचा विचार करतो. एक पोरगा 'किताब' जुळवत होता. 'क' ठेवला, त्याच्या उजवीकडे पहिली वेलांटी ठेवली. मी म्हटलं, ती डावीकडे येते. त्याने ओठ हलवून दोनदा म्हणून बघितलं, क... इ... क... इ... आणि म्हणाला, "सर, बोलताना ती क-च्या नंतर येते. मग लिहिताना आधी कशी काय आली?" शेजारचा लगेच म्हणाला, "रांगेत घुसली!" झालं. तेव्हापासून पहिल्या वेलांटीला आमच्या वर्गात 'घुसखोर' म्हणतात. शुद्धलेखन सांगताना ओरडतात, "सर, घुसखोर की दुसरी?" ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्या वर्गात चक्क कमी झाल्या.

नवशिकी_बाई

धन्यवाद सर! उद्याच पत्रिका शोधते.

मग माझाही एक सांगते. दुसरीला शब्दडोंगर घेतला होता. एका शब्दाने सुरुवात करायची आणि प्रत्येक ओळीला एक शब्द वाढवायचा. एका मुलाने फळ्यावर लिहायला घेतलं :

मी
मी आंबा
मी आंबा खाल्ला
मी काल आंबा खाल्ला
मी काल झाडावरचा आंबा खाल्ला
मी काल शाळेच्या झाडावरचा आंबा खाल्ला

इथे तो थांबला. खडू हातात तसाच. वर्गात खुसुखुसू सुरू झालं, कारण शाळेच्या आंब्याला हात लावायचा नाही असं आमच्या मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला बजावलेलं. त्याने एकदा डोंगराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढची ओळ लिहिली :

मी काल शाळेच्या झाडावरचा पडलेला आंबा खाल्ला

'पडलेला' या शब्दाला मी फळ्यावर चांदणी दिली.

घाटावरची

'पडलेला'!! विशेषणाचं काम काय असतं ते त्या पोराला कायमचं कळलं. फार गोड.

मावळतीची_मास्तरीण

मी निवृत्त झालेय, पण गावाच्या भेंड्या काढल्याशिवाय हा धागा पुरा कसा होणार? आपल्याकडे गावांच्या नावाला शेवटी 'गाव' फार. त्यामुळे 'व' सारखा येतो. पुण्याजवळच्या आमच्या शाळेत पोरांनी शोध लावला की 'व' आला की वडगाव म्हणायचं, परत समोरच्यावर 'व'. समोरच्याने म्हणायचं, वडगाव झालं. "आमचं वडगाव वेगळं!" आणि खरंच की. वडगाव मावळ वेगळं, वडगाव शेरी वेगळं, वडगाव बुद्रुक वेगळं, वडगाव निंबाळकर वेगळं. पण पूर्ण नाव घेतलं की शेवटचं अक्षर बदलतं, म्हणून पोरं पूर्ण नाव मुद्दाम घ्यायची नाहीत. नुसतं वडगाव म्हणायचं आणि "कोणतं?" विचारलं की हळूच कानात सांगायचं. वकिली डोकं!

त्यातच बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं हे सांगितलं, तर एका 'खुर्द'वाल्या पोराचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी घरून माहिती काढून आला. "बाई, आमच्याकडे दोन किराणा दुकानं आणि एक एटीएम झालंय. बुद्रुकात एटीएम नाही. आता आम्हाला बुद्रुक म्हणा."

बालवाडी_ते_चौथी

शब्दांच्या भेंड्यांत 'ळ' आणि 'ण'चं तुम्ही सगळे काय करता? मराठीत या दोघांनी सुरू होणारा शब्दच नाही, आणि पोरांना ते बरोबर कळतं. आमच्या वर्गातल्या मुलींनी वहीच्या मागच्या पानावर फळ, केळ, बाळ, कमळ, तांदूळ, जांभूळ अशी दारूगोळ्याची यादी करून ठेवली होती. प्रत्येक वेळी समोरच्यांवर भेंडी चढायची. मुलगे रडकुंडीला आले. मग नियम केला, 'ळ' आला तर 'ल', 'ण' आला तर 'न'.

परवाचा डाव ऐका. मुलींनी टाकला, "बाळ!" मुलग्यांना 'ल' मिळाला. एकाने डोळे मिटले, हात वर केले आणि ओरडला, "लाळ!" पुन्हा 'ळ'. वर्ग डोक्यावर. मुलींची कुजबुज, मग एकीने अगदी हळू आवाजात, "लोळ. आगीचा लोळ." परत मुलग्यांवर. त्यांना दुसरा सुचेना आणि वेळ संपली. आता ते रोज मधल्या सुट्टीत मला गाठतात. "बाई, ल-ने सुरू आणि ळ-ने शेवट, आणखी एक तरी शब्द सांगा ना." मला खरंच सुचत नाहीये. कुणाला येतोय का?

मांडवीकाठ

विचार करतेय... लिंबोळी नाही चालणार, शेवटी ळी येतो.

पळसवन

लसूण चालला असता, पण तो 'ण'ला जातो. मग समोरचे 'न'वरून नारळ टाकतील आणि परत 'ळ' तुमच्याच डोक्यावर.

मावळतीची_मास्तरीण

लडिवाळ.

बालवाडी_ते_चौथी

ताई!!! उद्या मधल्या सुट्टीत मुलग्यांना गुपचूप सांगते. मुलींनी आधीच शोधला नसेल तर!